रिपोर्टखालची सही

(चंदीगड येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी भाषक प्रतिनिधींपुढे केलेले भाषण. वक्ते रेल्वे कामगार संघटनेचे सचिव आहेत.)



मी मॅट्रिक झालेला माणूस. रेल्वेत पॉईंट्समन म्हणून लागलो आणि पुढे संघटनेच्या कामात पडलो. रूळ, सिग्नल, ड्युटी रोस्टर हे माझे विषय. आज मात्र रुग्णालयातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांबद्दल बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. तेही बायोकेमिस्ट्री म्हणजे जीवरसायन विभागाबद्दल. तुम्ही म्हणाल, हा गडी त्यातले काय सांगणार? शंका रास्त आहे.

त्याचे उत्तर असे. माझे थोरले बंधू हवाई दलाच्या येथील दुरुस्ती डेपोत मुलकी कर्मचारी होते आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, या शहरातील एका मोठ्या रुग्णालयात जीवरसायन प्रयोगशाळेत सीनियर टेक्नॉलॉजिस्ट आहे. रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही. मी सांगणार आहे ते एका रुग्णालयाचे गाऱ्हाणे नाही, ते थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. शिबिरासाठी मी दोन दिवस आधी आलो, तिच्याकडे उतरलो आणि दोन्ही रात्री जेवणानंतर तिला प्रश्न विचारत बसलो. आज बोलतोय ते त्या दोन रात्रींच्या जोरावर.

आधी हे शहर पाहा. येथील पीजीआय ही संस्था १९६२ साली सुरू झाली आणि १९६७ साली संसदेच्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. याखेरीज सेक्टर १६ चे सरकारी रुग्णालय आणि सेक्टर ३२ चे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर येथून माणसे रात्रीच्या बसने निघतात आणि पहाटे येथे रांगेत उभी राहतात. पीजीआयच्या बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वर्षानुवर्षे लंगर चालवणारे जगदीशलाल आहुजा यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते वारले. बाहेर जेवू घालणारा हात लोकांना दिसला आणि देशाने त्याची कदर केली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आत नळीभर रक्त घेऊन रात्रभर उभा असलेला हात कोणाला दिसतो?

आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी रक्त तपासायला दिले आहे. साखर, युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, सोडियम, पोटॅशियम. कागद हातात येतो, आपण आकडा बघतो आणि डॉक्टरकडे धावतो. कागदाच्या तळाशी एक सही असते. ती कोणाची, हे आपण बघत नाही. माझे आजचे सांगणे त्या सहीबद्दल आहे.

माझा असा समज होता की रक्त मशीनमध्ये घातले की आकडा बाहेर येतो. माणसाचे काम बटन दाबण्याचे. पुतणी हसली. म्हणाली, "काका, सिग्नलचे बटन दाबले की गाडी जाते. मग स्टेशन मास्तर कशाला लागतो?" मी गप्प झालो.

तिने सांगितले ते असे. सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी मशीनची परीक्षा होते. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे तयार सीरम मिळते, त्याला कंट्रोल म्हणतात. ते मशीनला द्यायचे आणि उत्तर जुळते का ते पाहायचे. रोजचा ठिपका तक्त्यावर मांडायचा. ही पद्धत लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली प्रयोगशाळेत आणली. ठिपका ठरलेल्या रेषांच्या बाहेर गेला, किंवा रेषांच्या आत असूनही रोज एकाच बाजूला सरकू लागला, की समजायचे काहीतरी बिघडते आहे. रसायन जुने झाले असेल, दिवा मंद झाला असेल, पाण्यात दोष असेल. आपल्या गँगमनला हे लगेच कळेल. रुळांचे अंतर मोजायचे तर हातातला गेज आधी बरोबर हवा. गेजच चुकीचा असेल तर मैलभर रूळ मोजून उपयोग काय?

मशीन ठीक आहे असे ठरले, तरी मशीन खोटे बोलू शकते. मशीन नळीतले रक्त मोजते. रुग्णाच्या अंगातले रक्त ते पाहत नाही, आणि या दोहोंत फरक पडतो. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेच्या नळीत फ्लोराइड घालतात. पोटॅशियमचे निराळेच. ते पेशींच्या आत भरपूर आणि बाहेर थोडे. सुईतून रक्त जोरात ओढले, पेशी फुटल्या, की ते बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. थंडीतही वाढतो. पेशींच्या भिंतीवर पोटॅशियम आत ओढणारा एक पंप असतो, तो गारठ्यात मंदावतो. चंदीगडची जानेवारीतली रात्र तुम्ही पाहिलेली नाही. अशा रात्री नमुन्यांचा ट्रे उघड्या व्हरांड्यात तीन-चार तास राहिला, तर रुग्णाला काही झालेले नसताना पोटॅशियम वाढलेले दिसू शकते. उलट, पोलिसाने थांबवले म्हणून दुखापत होत नाही तसे, फ्रिजमध्ये ठेवले म्हणून रक्त टिकतेच असे नाही. पेशींसकट ठेवलेल्या रक्तातला पोटॅशियमचा आकडा फ्रिजमध्येच अधिक बिघडतो. पुस्तकातले हे ज्ञान रोज रात्री वापरावे लागते.

आता तिने सांगितलेली एक रात्र ऐका.

वॉर्डातून एक नमुना आला. पोटॅशियम निघाले ७.८. निरोगी माणसात ते साधारण साडेतीन ते पाच असते. ७.८ म्हणजे हृदय कधीही बंद पडू शकते. असा आकडा आला की कागदाची वाट न बघता फोन करायचा, हा नियम. तिने फोन उचलला, पण त्याआधी दुसरा आकडा पाहिला. त्याच नमुन्यातले कॅल्शियम इतके कमी होते की एवढ्यावर माणूस धडपणे पडून राहणे कठीण. वॉर्डात तर रुग्ण उठून बसला होता, बोलत होता. तिच्या ध्यानात आले. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असते ते पोटॅशियमचा क्षार असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. कोणीतरी जांभळ्या नळीतले थोडे रक्त साध्या नळीत ओतले होते. नळी कमी भरली होती, रुग्णाला पुन्हा टोचायचे जिवावर आले असेल. ओतणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता.

तिने वॉर्डला सांगितले, हा रिपोर्ट मी देत नाही, नवे रक्त पाठवा. तिकडून रागावलेला आवाज आला, "तुमचे काम आकडा देण्याचे आहे, सल्ला देण्याचे नाही." ती म्हणाली, "आकडा रुग्णाचा असेल तर देते. हा नळीचा आहे." नवे रक्त आले. पोटॅशियम ४.१.

तिने तो पहिला आकडा सही करून दिला असता तर? पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन देतात. मुळात बरोबर असलेले पोटॅशियम खाली ओढले असते तर जे टाळायचे तेच घडले असते. कागद मात्र निर्दोष दिसला असता. मशीन बरोबर, आकडा बरोबर, सही बरोबर.

साथींनो, मी केबिनमध्ये उभा राहिलेला माणूस आहे. पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे आम्ही रेल्वेत पहिल्या दिवशी शिकतो. मागे प्रवासी ओरडोत, कंट्रोलवरून साहेब ओरडोत, लाईन मोकळी नसेल तर मास्तर नाही म्हणतो. त्याच्या त्या नकाराला नियमाचे बळ असते. प्रयोगशाळेतील सीनियरचे काम नेमके हेच आहे. रिपोर्ट देणे हे तर आहेच. पण त्याहून मोठे काम, द्यायचा नाही तो रिपोर्ट अडवणे. फरक एवढाच की मास्तराच्या नकारामागे नियमाचे पुस्तक उभे असते आणि माझ्या पुतणीच्या नकारामागे त्या रात्री फक्त ती उभी होती.

आता दुसरी रात्र. हीदेखील तिनेच सांगितली आणि सांगताना तिने मान खाली घातली होती.

तिची पाळी संपली होती. बदलीवर येणारा मुलगा कंत्राटी होता. त्याचे कंत्राट महिनाअखेर संपले आणि नवे झाले नव्हते. तो आला नाही. त्याने तरी का यावे? तिला सांगण्यात आले, आजची रात्र तुम्हीच सांभाळा. म्हणजे सलग दुसरी पाळी. त्यातच नळ्यांवर पट्टी चिकटवणारा प्रिंटर बंद पडला, म्हणून नंबर हाताने घालावे लागले. पंजाबात एकाच नावाची माणसे फार. त्या रात्री एकाच नावाच्या दोन बाया होत्या, नवऱ्याची नावे वेगळी. एकीचा नंबर १६, दुसरीचा ६१. पहाटे चारच्या सुमारास तिने एकीचे क्रिएटिनिन दुसरीच्या नावावर चढवले आणि सही केली.

वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर जागा होता, हे नशीब. त्याने फोन केला, "काल या बाईंचे क्रिएटिनिन १.१ होते, आज ६.८ कसे?" ती धावत गेली, नळ्या पुन्हा काढल्या, चूक सापडली, दोन्ही रिपोर्ट दुरुस्त झाले. कोणाला इजा झाली नाही. पण एका बाईला मूत्रपिंडाचा रोगी ठरवले गेले असते आणि जी खरी रोगी होती तिला ठणठणीत म्हणून झोपू दिले असते.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. तीन प्रश्न होते. नंबर का पडताळला नाही? आदल्या दिवसाच्या आकड्याशी तुलना का केली नाही? आपल्यावर कारवाई का करू नये? तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. मी संघटनेचा माणूस असलो तरी सांगतो, चूक तिची होती आणि ती तिने लेखी कबूल केली. पण चौथा प्रश्न त्या मेमोत नव्हता. सही करताना तुम्ही किती तास कामावर होतात?

रेल्वेत ड्रायव्हरने सिग्नल ओलांडला तर चौकशीत त्याच्या ड्युटीचे तास आणि त्याआधीची विश्रांती नोंदवली जाते. हे कोणी मेहेरबानीने दिलेले नाही. कामाच्या तासांचे नियम मिळवायला आपल्या आधीच्या पिढ्या झगडल्या. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात इंजिनवरच्या माणसांच्या तासांचा प्रश्न पुढे होता आणि त्या संपात माझ्या वडिलांनी नोकरीत खंड सोसला. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या सहीलाही तेच मोजमाप का लागू नये? थकलेला डोळा सिग्नल चुकतो तसा नंबरही चुकतो.

माझ्या उमेदीच्या काळात मीही एका रात्री, सलग दुसऱ्या पाळीत, चुकीच्या लिव्हरला हात घातला होता. शेजारच्या जुन्या केबिनमनने माझे मनगट धरले. तो म्हणाला, "थांब. आधी पाणी पी." दुसरे काहीच नाही. त्या रात्री आम्ही दोघे होतो म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे. माझी पुतणी त्या रात्री एकटी होती.

आता नावाचा आणि हक्काचा मुद्दा. ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्याला बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणतात. ते पद कायद्याने राखलेले आहे, नोंदणी नसलेल्याला ते लावता येत नाही. हा मान आपोआप आला नाही. १९१२ साली तेथील प्रयोगशाळांतल्या मदतनिसांनी आपली संघटना बांधली, तिथून तो प्रवास सुरू झाला. आपल्याकडे याच कामाला कुठे टेक्निशियन, कुठे टेक्नॉलॉजिस्ट, तर रेल्वेत लॅब सुपरिंटेंडेंट म्हणतात. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वैद्यकीय प्रयोगशाळेतील व्यवसाय आले, शिक्षणाचे किमान तास आले, राज्य परिषदा आणि नोंदवही आली. आपल्या राज्यात ती परिषद कुठवर आली आणि नोंदणीत कंत्राटी मुलामुलींची नावे आहेत का, हे प्रत्येक शाखेने लेखी विचारावे. कायदा कागदावर असतो. त्याला चालायला लावणे हे संघटनेचे काम.

कंत्राटी साथींसाठी एक निकाल लक्षात ठेवा. तो याच पंजाबातला आहे. पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायम कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. न्यायमूर्ती खेहर यांच्यासोबत त्या पीठावर आपले नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते.

त्याहून जुनी एक गोष्ट मुंबईची. जे. जे. समूहाच्या रुग्णालयांतील वॉर्ड सेवकांना कामावरून कमी केले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९६० साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की रुग्णालय हाही उद्योग आहे. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात तो निकाल फिरला आणि १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात पुन्हा उभा राहिला. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती व्याख्या नव्याने लिहिली. मला सांगायचे आहे ते हे की रुग्णालयातल्या साऱ्या कामगारांसाठी ती वाट पाडली ती झाडू-पोछा करणाऱ्या, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसांनी. प्रयोगशाळेतले शिकलेले लोक त्या काळी अनेक ठिकाणी संघटनेपासून दूर राहिले. आपण पांढऱ्या कोटातले, आपला युनियनशी काय संबंध, असे त्यांना वाटे.

पण दोष एकट्या त्यांचा नाही. आज मला माझीही कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या रेल्वे रुग्णालयातील लॅब सुपरिंटेंडेंट एक ठराव घेऊन माझ्याकडे आले होते. रात्रपाळीत दोन माणसे द्या, एवढीच मागणी. मी म्हणालो, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीतही विषयपत्रिकेत तो शेवटी टाकला आणि वेळ संपला. का? त्यांची मते किती? दहा-बारा. आमच्या ट्रॅकमनची मते शेकड्यांनी. हा हिशेब मी मनात केला होता. ते पुन्हा आले नाहीत. परवा पुतणीचे ऐकताना मला त्यांचा चेहरा आठवला. परत गेल्यावर पहिला फोन त्यांना करणार आहे.

म्हणून या शिबिरापुढे मी पाच मागण्या ठेवतो. पहिली, जिथे चोवीस तास तपासणी चालते तिथे रात्रपाळीत एकटा माणूस नको. दुसरी, संशयास्पद नमुन्याचा रिपोर्ट अडवण्याचा सीनियरचा अधिकार लेखी हवा आणि तो वापरल्याबद्दल मेमो नको. तिसरी, चूक झाली तर चौकशीत कामाचे तास आणि विश्रांती नोंदलीच पाहिजे. चौथी, कंत्राटीला समान कामाचे समान वेतन आणि वेळेवर नवे कंत्राट, रिकामी पदे कायम भरतीने. पाचवी, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस प्रत्येकाला, म्हणजे नळ्या धुणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या बाईलाही. रक्त कोणाच्या अंगावर उडायचे ते वेतनश्रेणी बघून उडत नाही.

यात डॉक्टरांविरुद्ध काही नाही. त्या रात्री जागा राहून फोन करणारा शिकाऊ डॉक्टरही आपल्यासारखाच तास न मोजता राबत होता. त्याने विचारले, तिने ऐकले, म्हणून दोन बाया वाचल्या. तशी माणसे दोन्हीकडे हवीत, आणि ती थकलेली नसावीत.

निघताना मी पुतणीला विचारले, मेमोचे पुढे काय झाले? म्हणाली, "ताकीद दिली, फाइलला लागली. काका, त्याचे मला तेवढे नाही. आता रात्री सही करताना हात थांबतो." मी म्हणालो, थांबू दे. थांबणारा हातच या कामाला हवा. पण तो भीतीने थांबू नये. त्याला थांबायचा हक्क आहे म्हणून थांबावा. तो हक्क मिळवून देणे आपल्या हाती आहे.

आपापल्या गावी परतल्यावर जवळच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकदा जा. रात्री जा. तिथे किती माणसे आहेत ते मोजा आणि त्यांना विचारा, किती तास झाले कामावर येऊन? उत्तर संघटनेला लिहून कळवा. तिथून आपण सुरुवात करू.

कामगार एकजुटीचा विजय असो.